जामीन मंजूर, माणूस आतच

कारागृह विभागातील तीस वर्षांची नोकरी संपवून घरी आल्यानंतर मी वाचकांच्या पत्रांना उत्तरे देऊ लागलो. या महिन्यात बीड, परभणी, लातूर आणि जालना जिल्ह्यांतून आलेली चार पत्रे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यातला माणूस हे लिहीत असताना आत आहे.

*प्रश्न : माझे धाकटे दीर दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला गेले होते. तिकडे फडात दोन कोयत्यांमध्ये (ऊसतोड जोड्यांमध्ये) भांडण झाले, त्यात एकाचा हात मोडला आणि दिरांवर गुन्हा दाखल झाला. कोर्टाने २५ हजारांचा जामीन मंजूर करून आज अडीच महिने झाले, पण तिथल्या जिल्ह्यातला जामीनदार मिळत नाही म्हणून ते आतच आहेत. मुकादम म्हणतो, आधी उचल (कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) फेडा. आमच्या नावावर सव्वा एकर कोरडवाहू आहे. आम्ही काय करावे? (एक वाचक भगिनी, धारूर तालुका)*

ताई, सर्वांत आधी हे लक्षात घ्या की आपल्या दिरांना आत ठेवण्याचा आदेश आज कोणत्याही न्यायालयाचा नाही. न्यायालयाने त्यांना सोडायचे ठरवले आहे आणि ते अडकले आहेत ते केवळ एका कागदासाठी. हे दुखणे जुने आहे. १९७८ साली मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या एका गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले होते. त्याच्याकडे १० हजारांचा जामीनदार मागितला होता आणि त्याचा सख्खा भाऊ पुढे आला तेव्हा भाऊ व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली आहे, या कारणावरून त्याला नाकारले होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही अट चुकीची ठरवली आणि त्या गवंड्याला एक हजार रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतः लिहून दिलेल्या हमीवर, सोडण्यास सांगितले. या निकालाला पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी धारूर, वडवणी, पाटोदा या भागांतून कारखान्यावर गेलेल्या माणसाकडे आजही ‘लोकल’ जामीनदारच मागितला जातो. सहा महिने पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या माणसाला त्या जिल्ह्यात सातबारा असलेला कोण ओळखणार?

आता कामाचे बोलू. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच अडचणीवर निर्देश दिले आहेत. जामीन मंजूर झाल्यापासून सात दिवसांत बंदी (कैदी) सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) सचिवांना तसे कळवायचे आहे. सचिव कारागृहात वकील किंवा विधी स्वयंसेवक पाठवू शकतात आणि घरच्या परिस्थितीचा अहवाल तयार करवून तो अट शिथिल करण्यासाठी न्यायालयापुढे ठेवू शकतात. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय स्वतःहूनही अटीचा फेरविचार करू शकते. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचे एक कारण असल्याचे या निर्देशांत स्पष्ट म्हटले असून अशी अट घालू नये, असेही सुचवले आहे. आपल्या बाबतीत सात दिवसही उलटले आणि महिनाही उलटला.

म्हणून आपण दोन अर्ज करा. पहिला अर्ज कारागृह अधीक्षकांच्या नावे साध्या मराठीत लिहा. त्यात जामिनाच्या आदेशाची तारीख, गुन्हा क्रमांक आणि ‘जामीनदाराअभावी सुटका झालेली नाही, विधी सेवा प्राधिकरणास कळवावे’ एवढे असले तरी पुरे. दुसरा अर्ज प्राधिकरणाच्या सचिवांकडे करा. त्यासाठी तिकडे जायलाच हवे असे नाही. बीडच्या प्राधिकरणाच्या कार्यालयात किंवा आपल्या तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे गेलात तर अर्ज पुढे पाठवण्याची विनंती करता येते, आणि १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी थांबू नका. वकिलांना न्यायालयात तीन गोष्टी मागायला सांगा : धारूर तालुक्यातला जामीनदार स्वीकारावा, किंवा रक्कम कमी करावी, किंवा जातमुचलक्यावर सोडून जामीनदार देण्यासाठी काही आठवड्यांची मुदत द्यावी. सव्वा एकराचा सातबारा, घरपट्टीची पावती, रेशनकार्ड आणि सरपंचांचा रहिवासी दाखला हे सर्व एका पिशवीत तयार ठेवा. केवळ पैशासाठी अडलेल्या गरीब बंद्यांना मदत करणारी केंद्राची एक योजना २०२३ पासून आहे. सुरुवातीच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिच्यातून कच्च्या (खटला चालू असलेल्या) कैद्यासाठी ४० हजारांपर्यंतची रक्कम भरता येते. आपल्या दिरांचे प्रकरण तिच्यात बसते का, हेही सचिवांनाच विचारा.

काही जण आपल्याला ‘एक तृतीयांश शिक्षा भोगली की सुटतो’ असे सांगतील. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या माणसासाठी तशी तरतूद आहे, हे खरे. पण हात मोडणे ही गंभीर दुखापत धरली जाते आणि तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे एक तृतीयांश दोन वर्षे चार महिने होतात. शिवाय धारदार हत्याराने गंभीर दुखापत केल्याचे कलम लागले असेल, तर त्यात जन्मठेपेचाही उल्लेख असल्याने ही सवलत लागूच होत नाही. जामीन हातात असताना त्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

न्यायालयाच्या आवारात पैसे घेऊन जामीनदार मिळवून देणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका, कारण खोट्या सातबाऱ्याचा गुन्हा पुन्हा आपल्याच माणसाच्या नावावर चढेल. आणि मुकादमाची उचल हा वेगळा व्यवहार आहे, तिचा जामिनाशी कसलाही संबंध नाही.

*प्रश्न : मी पोलीस भरतीची तयारी करत असून कारागृह शिपाई पदाचाही अर्ज भरणार आहे. घरचे म्हणतात, जेलची नोकरी केली की माणूस दगड होतो. हे खरे आहे का? (एक युवक, परभणी)*

हे काही अंशी खरे आहे आणि ते कसे होते, हे मी स्वतःवरून सांगू शकतो. प्रशिक्षणात कायदा, कवायत, शस्त्र आणि झडती शिकवतात. पण नोकरीचा मोठा भाग म्हणजे मोजणे. सकाळी बराक उघडताना गिनती, दुपारी गिनती, संध्याकाळी बराक बंद करताना गिनती. माणसांना जोडीजोडीने बसवून मोजायचे आणि सर्व सर्कलची टोटल जुळली की दिवस संपला, असे वर्षानुवर्षे केल्यावर समोर माणूस न दिसता आकडा दिसू लागतो.

एका कारागृहात मी नवीन असताना हिवाळ्यातल्या एका संध्याकाळच्या गिनतीला एक पक्का (शिक्षा झालेला) कैदी जोडीत बसेना. भिंतीला टेकून तो नुसता उभा होता. मी दोनदा ओरडलो आणि मग दंडाला धरून त्याला खाली बसवले. टोटल बरोबर आली. सकाळी त्याने न्हाव्याची मागणी केली तेव्हा बराकीतल्या एका म्हाताऱ्या बंद्याने मला बाजूला घेऊन सांगितले की, याला मुंडण करायचे आहे. त्याची आई वारली होती. गावाहून आलेले अंतर्देशीय पत्र तपासणीसाठी कार्यालयात पडून राहिले, मिळाले त्या दिवशी त्याला वाचता येत नसल्याने ते तसेच घोंगडीच्या घडीत राहिले आणि संध्याकाळी कोणीतरी वाचून दाखवले ते गिनतीच्या पाच मिनिटे आधी. आई जाऊन अकरा दिवस झाले होते. जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूसाठी शिक्षाबंद्याला अभिवचन रजा (पॅरोल) मागता येते, पण ती मागायची तर बातमी वेळेवर कळायला हवी. आईच्या तेराव्याला दोन दिवस उरले होते आणि अर्ज, पोलिसांचा अहवाल, जामीनदार हे सर्व दोन दिवसांत होणारे नव्हते.

त्याने तक्रार केली नाही. डोक्यावरून हात फिरवत तो माझ्याकडे पाहून ‘साहेब, तुम्हाला काय माहीत’ एवढेच म्हणाला. पण मला माहीत नव्हते, हाच माझा दोष होता. त्यानंतर ज्या ज्या कारागृहात मी होतो तिथे निरक्षर बंद्याचे पत्र आले की ते त्याच दिवशी कारागृहाच्या गुरुजींनी किंवा मी स्वतः त्याला वाचून दाखवायचे, असा नेम ठेवला. यासाठी वरिष्ठांची परवानगी लागत नाही आणि खर्चही येत नाही.

आपण नोकरीत आलात तर कुलूप, किल्ली आणि झडती यांत कधीही ढिलाई करू नका, कारण शिपाई गाफील राहिला की आतल्या दुबळ्या बंद्याला आतलाच दांडगा बंदी छळतो. पण प्रत्येक बंद्याला नावाने हाक मारा. बराकीत कोण जेवला नाही, मुलाखतीच्या दिवशी कोणाकडे कोणीच आले नाही, कोण अचानक आपल्या वस्तू वाटून टाकतो आहे, हे शिपायालाच आधी दिसते. यातली शेवटची खूण दिसली तर त्याच क्षणी वर कळवा, सकाळची वाट पाहू नका. मनुष्यबळ अपुरे असते, रात्रपाळ्या लागोपाठ येतात आणि सणावाराला घर मिळत नाही. हे सहन होणार असेल तर जरूर या. मराठवाड्यातल्या शेतकरी घरातून आलेला, बंद्याची बोली समजणारा शिपाई फार मोलाचा असतो.

*प्रश्न : आमच्या कराच्या पैशातून गुन्हेगारांना जेवण, टीव्ही, फोन कशासाठी? ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचे काय? (एक निवृत्त लिपिक, लातूर)*

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, पण आधी पहिला घेतो. आत असलेल्या बहुतेकांना ‘गुन्हेगार’ म्हणता येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतील तिघांचा खटला अजून चालू होता. जागा होती ४,३६,२६६ जणांची. या गर्दीत रात्री कूस बदलायची तर शेजाऱ्यालाही बदलावी लागते, असे मी पाहिले आहे. ज्याला शिक्षा झाली आहे, त्याला न्यायालयाने बंदिवास दिलेला असतो. उपासमार, मारहाण किंवा बेड्या दिलेल्या नसतात, आणि कारागृहाच्या दारात माणसाचे मूलभूत हक्क संपत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या सुनील बत्रा प्रकरणातच सांगितले आहे. फोनवर तो घरच्यांशीच बोलतो, आणि घराशी धागा टिकलेला माणूस सुटल्यावर घरीच जातो.

पीडितांविषयी आपण म्हणता ते रास्त आहे. बंद्याच्या मजुरीतील काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी बाजूला काढावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ सालीच सुचवले होते. पीडितांना नुकसानभरपाई याच विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळते, आणि बलात्कार व ॲसिड हल्ल्यातील पीडितांसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे. तिथले अर्ज रखडू नयेत म्हणून लातुरात कोणी पाठपुरावा करत असेल, तर आपल्यासारख्या कागदपत्रांची सवय असलेल्या माणसाची त्याला मोठी मदत होईल.

*प्रश्न : माझ्या वर्गात पारधी समाजाचा एक मुलगा आहे. त्याचे वडील पैठणच्या खुल्या कारागृहातून शिक्षा संपवून परत आले आहेत. गावात कुठेही चोरी झाली की पोलीस पाटलांकडे आधी त्यांचे नाव जाते आणि मुले या मुलापासून दूर बसू लागली आहेत. शिक्षक म्हणून मी काय करावे? (एक शिक्षक, अंबड तालुका)*

गुरुजी, खुल्या कारागृहात कोणालाही पाठवत नाहीत. बंद कारागृहात वर्तन चांगले ठेवून विश्वास मिळवलेल्या शिक्षाबंद्यांची निवड होते आणि तिथे ते शेतात काम करतात. म्हणजे ज्याच्यावर शासनाने कमी पहाऱ्यात विश्वास टाकला, त्याच्यावर गाव विश्वास टाकत नाही. यामागे त्यांच्या गुन्ह्याहून जुनी गोष्ट आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना तारेच्या कुंपणात ठेवले, आणि हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला तरी संशय रद्द झाला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका महिला पत्रकाराच्या याचिकेवर निकाल देताना कारागृहातील जातीवर आधारित कामवाटप घटनाबाह्य ठरवले, बंद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढायला सांगितले आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीपणे अटक होऊ नये, असेही बजावले. या निकालाची माहिती पोलीस पाटलांना आणि ग्रामसभेला द्या. आपण सांगितलेले गाव ऐकेल.

वडिलांना व्यवसायासाठी मदत हवी असेल तर जालन्याच्या जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यांना भेटायला सांगा. मुक्त झालेल्या बंद्यांच्या पुनर्वसनाचे काम महिला व बालविकास विभागाकडे आहे. जमल्यास पहिल्या वेळी आपण बरोबर जा, कारण सरकारी कार्यालयाची पायरी चढताना त्यांच्या मनात काय येत असेल, हे मी जाणतो.

त्या मुलाला आता पहिल्या बाकावर, माझ्यासमोर बसवू का, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. वडील परत येण्याआधी तो ज्या बाकावर, ज्या मित्राशेजारी बसत होता, तिथेच त्याला बसवा आणि त्या मित्राच्या आईवडिलांना एकदा भेटून या.