मंडळाच्या पत्राचा नमुना वर्डमध्ये कसा ठेवावा, म्हणजे नवं पत्र लिहिताना जुनं पुसलं जाणार नाही?

नमुना साध्या फाइलसारखा ठेवू नका, 'सेव्ह ॲज' करताना प्रकारांच्या यादीतून 'वर्ड टेम्प्लेट' निवडा. मग त्या फाइलवर डबल-क्लिक केलं की मूळ नमुना न उघडता त्याची नवी प्रत 'डॉक्युमेंट १' अशा नावाने उघडते, आणि सेव्ह करताना वर्ड नवं नाव विचारतं. इंदूरला आमच्या मंडळाची गणेशोत्सवाची निमंत्रणं, देणगीदारांची आभारपत्रं मी अशीच काढते. लेटरहेड आणि अध्यक्ष-सचिवांच्या सहीची जागा नमुन्यात असू द्या, 'श्री. ........ यांस' इथलं नाव मात्र रिकामंच ठेवा, नाहीतर मागच्या पाहुण्यांचं नाव नव्या पत्रात जातं आणि ते फार वाईट दिसतं. तारखेला जपा: 'अपडेट ऑटोमॅटिकली'वर खूण करून घातलेली तारीख पत्र पुढे कधी उघडलं की बदलते, मग जावक नोंदवहीशी मेळ बसत नाही. त्याऐवजी 'इन्सर्ट', 'क्विक पार्ट्स', 'फील्ड' इथून 'क्रिएट-डेट', म्हणजे पत्र तयार केल्याची तारीख, घाला. नमुन्यातच दुरुस्ती करायची असेल तर डबल-क्लिक नको. आधी वर्ड उघडा आणि 'फाइल', 'ओपन' असं जा.