स्पेनच्या रेड वाइन्स चाखायला कुठून सुरुवात करावी? आणि सोबत काय खावं?

तुम्ही नोकरीसाठी माद्रिदला येताय, आजवर फक्त नाशिकच्या वाइन्स प्यायला आहात, मटण-मासे खाता पण पोर्क आणि बीफ नाही, आणि दुकानातल्या स्पॅनिश बाटल्या पाहून काही उमजत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी बरीच वर्षं माद्रिदमध्ये राहते आणि हा माझा अतिशय आवडता विषय आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली बाटली रिओहा या उत्तर स्पेनमधल्या मुलखाची क्रियान्था, म्हणजे थोडी मुरवलेली वाइन घ्या. सुपरमार्केटमध्ये दहा युरोंच्या आत चांगली मिळते. इथे आल्या आल्या महागडी, सगळ्यात जास्त मुरवलेली ग्रान रेसेर्वा उघडायचा मोह होईल, पण आवरा. जुन्या वाइनमध्ये ताज्या फळाची चव मागे पडून चामडं, तंबाखू, सुकलेली पानं असे वास पुढे येतात. ते आवडायला जिभेला थोडी सवय लागते.

रिओहाचं मुख्य द्राक्ष टेम्प्रानियो. सोबत गारनाचा, थोडं ग्राथियानो, थोडं माथुएलो. बाटलीवर द्राक्षाचं नाव बरेचदा नसतंच. वाइन किती मुरवली आहे ते मात्र लिहिलेलं असतं, आणि चवीचा अंदाज यायला मला तेच जास्त उपयोगी वाटतं. रिओहात क्रियान्था म्हणजे किमान 2 वर्षं मुरलेली, त्यातलं किमान एक वर्ष 225 लिटरच्या ओकच्या पिंपात. रेसेर्वा किमान 3 वर्षांची. ग्रान रेसेर्वा किमान 5 वर्षांची, त्यातली किमान दोन पिंपात आणि दोन बाटलीत. मागच्या बाजूला एक छोटा शिक्का असतो, त्याच्या रंगावरूनही कळतं: क्रियान्थाचा लाल, रेसेर्वाचा गडद डाळिंबी, ग्रान रेसेर्वाचा निळा. हिरवा दिसला तर त्या वाइनला मुरवण्याची अशी कुठली अट नाही, ती बहुधा तरुण आणि फळाच्या चवीची असते.

ओकच्या पिंपांची ही पद्धत रिओहाने फ्रान्सच्या बोर्दोकडून घेतली. तिथल्या जुन्या वाइनरींपैकी मार्केस दे मुरिएता 1852 ची, मार्केस दे रिस्काल 1858 ची. पुढे फिलोक्सेरा या किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा तिथले व्यापारी वाइन शोधत इकडे आले. माल रेल्वेने जायचा, म्हणून रिओहातल्या आरो गावात स्टेशनला लागूनच वाइनरी उभ्या राहिल्या. लोपेस दे एरेदिया (1877) आणि ला रिओहा आल्ता (1890) आजही तिथेच आहेत, एकीकडून दुसरीकडे चालत जाता येतं. पिंपं मात्र रिओहाने बरीचशी अमेरिकन ओकची वापरली. जुन्या धाटणीच्या रिओहाला व्हॅनिला आणि खोबऱ्याचा जो मंद वास येतो तो त्या लाकडाचा.

आता खाण्याचं. माझा एकच नियम आहे: ज्या मुलखाची वाइन, त्याच मुलखाचं जेवण. रिओहात द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काड्या जाळून त्या निखाऱ्यांवर कोकराच्या बारीक चॉप्स भाजतात. वर फक्त मीठ. क्रियान्थासाठी याहून चांगलं काही मला माहीत नाही. टॅनिनमुळे, म्हणजे द्राक्षाच्या सालीतल्या तुरट द्रव्यामुळे, जीभ जी तुरट, कोरडी होते ती मांसातल्या प्रथिनांमुळे आणि चरबीमुळे निवळते, आणि वाइनचा आंबटपणा चरबीचा चिकटपणा कापतो. रिओहातल्या लोग्रोन्यो शहराच्या काये लाउरेल या गल्लीत तव्यावर लसणाच्या तेलात परतलेली अळंबी पावाच्या तुकड्यावर रचून वर छोटी कोळंबी टोचून देतात. तीही जरूर खा. बटाट्याचा ‘पातातास आ ला रिओहाना’ हा रस्सा नावावरून शाकाहारी वाटेल, पण त्यात चोरिसो, म्हणजे पोर्कचं सॉसेज असतं. एकूणच वाटाणे, घेवडा, डाळ अशा साध्या पदार्थांतही हामोनचे, म्हणजे खारवून सुकवलेल्या पोर्कचे तुकडे घालायची इथे पद्धत आहे. तेव्हा ‘येवा थेर्दो?’ (यात पोर्क आहे का?) हे आधीच विचारत जा. वेटरला त्याचं काही वाटत नाही.

दुसरा मुलूख रिबेरा देल दुएरो. माद्रिदपासून उत्तरेला गाडीने दोनेक तासांवर. द्राक्ष तेच टेम्प्रानियो, पण मळे समुद्रसपाटीपासून साधारण 750 ते 900 मीटरवर. दिवसा कडक ऊन आणि रात्री गारठा, त्यामुळे रंग गडद येतो आणि आंबटपणा टिकतो. वाइन रिओहापेक्षा दणकट लागते. तिचं जेवण म्हणजे लेचाथो, फक्त आईच्या दुधावर असलेलं कोकरू. मातीच्या पसरट भांड्यात, लाकडाच्या भट्टीत, मीठ आणि पाणी एवढ्यावरच भाजतात. आरांदा दे दुएरो गावात खास त्यासाठी जा. गावाच्या रस्त्यांखाली मध्ययुगात खोदलेली वाइनची तळघरंही आहेत. मटणावर प्रेम असलेल्या माणसाने एवढा प्रवास करायलाच हवा.

मासे खाता म्हणून स्पेनच्या वायव्य टोकाच्या गॅलिसियाकडे खास लक्ष वेधते. माशांबरोबर व्हाइटच, हा समज तिथे टिकत नाही. उकडलेला ऑक्टोपस, वर ऑलिव्ह तेल, जाडं मीठ आणि पिमेंतोन (लाल मिरचीची पूड), लाकडी ताटलीत. आणि सोबत मेन्थिया द्राक्षाची तरुण रेड. हलकी, कमी तुरट, किंचित थंड. सील नदीच्या कड्यांवरचे रिबेइरा साक्राचे मळे इतके उभे आहेत की द्राक्षं हातानेच खुडावी लागतात. शेजारच्या बिएर्थोची मेन्थिया थोडी भरदार असते आणि सहज मिळते.

कातालोनियातलं प्रियोरात नंतरसाठी ठेवा. काळ्या स्लेटच्या जमिनीत वाढलेल्या गारनाचा आणि कारिन्येनाची ती वाइन फार घट्ट असते, अल्कोहोल बरेचदा साडेचौदा-पंधरा टक्के, आणि किंमतही तशीच.

घरी झणझणीत रस्सा कराल तेव्हा मुरलेली रेसेर्वा काढू नका. अल्कोहोलमुळे तिखट आणखी झोंबतं, आणि तिखटापुढे पिंपातला तुरटपणा कडवट लागतो. कांपो दे बोर्खा या आरागॉनमधल्या मुलखाची ओक न लागलेली तरुण गारनाचा घ्या आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. सुक्या मटणाबरोबर ती मला फार आवडते.

आल्यावर पहिलं काम हे करा. कुठल्याही साध्या बारमध्ये रेड मागितलीत की वेटर बहुतेक विचारेल, ‘रिओहा ओ रिबेरा?’ दोन्हींचा एकेक ग्लास आणि मुरवलेल्या मांचेगो चीजची एक ताटली मागवा. हे चीज मेंढीच्या दुधाचं असतं. आळीपाळीने घोट घ्या, मध्ये चीज खा. एका द्राक्षाची दोन रूपं तिथेच कळतील. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये ग्लास कोमट आला तर बदलून मागा. क्रियान्था 16 अंशांच्या आसपास हवी. माद्रिदच्या उन्हाळ्यात घरीही बाटली उघडण्याआधी वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावीच लागते.