बावन्न मिनिटांचा लघुपट आणि यमाचा पट

प्रश्न असा आला आहे: वाचनालयात दर शनिवारी टीव्हीवर येऊन गेलेले कार्यक्रम पडद्यावर दाखवतात. या महिन्याचा विषय 'रोजच्या जगण्यातला धर्म', म्हणजे वारी, उरूस, गावजत्रा, घरातलं देवघर वगैरे. पत्रिकेत 'धार्मिक लघुपट' छापावं, 'धार्मिक माहितीपट' की 'वृत्तचित्र'? आणि जाता जाता, हा 'पट' आला कुठून?

'जाता जाता' म्हणे! खरा प्रश्न तोच आहे. पण आधी लघुपटाचा निकाल लावतो, कारण तो शब्द ऐकून ऐकून कान किटले आहेत.

मध्यंतरी एका वाहिनीवर वारीवरचा कार्यक्रम पाहिला. पालखीच्या मुक्कामाचं गाव, पहाटेचे तीन, चुलीपुढे एक बाई भाकऱ्या थापतेय. कोण जेवणार तिला ठाऊक नाही. कॅमेरा परातीतल्या तिच्या बोटांवरून हलत नाही, थापण्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. इतकं सुरेख काम, आणि पडद्याच्या कोपऱ्यात पट्टी: 'धार्मिक लघुपट'. कार्यक्रम बावन्न मिनिटांचा! त्यातून निवेदक मधूनच म्हणतो, 'श्रद्धाळूंचा जत्था पुढे निघाला'. अरे, आपल्याकडे वारकरी असतात, भाविक असतात, त्यांची दिंडी असते. जत्था कुठून आणलास?

लघुपट म्हणजे लांबीने लहान. त्यात गोष्ट असो, माहिती असो, नाहीतर नुसता पाऊस असो. माहितीपट ही जात आहे आणि ती पाच मिनिटांचीही असते, पाच तासांचीही. 'वृत्तचित्र' हिंदीवाल्यांचं आहे, त्यांच्याकडेच शोभतं. 'धार्मिक'ही नको. धार्मिक चित्रपट म्हणजे १९७५चा 'जय संतोषी माँ', ज्याला लोक चपला बाहेर काढून थिएटरात शिरत. भाकऱ्या थापणारी बाई धार्मिक असेल, पण तिच्याकडे बघणारा कॅमेरा धार्मिक असायचं कारण नाही. म्हणून 'धर्मविषयक'. संपलं.

आता पट. शाळेचा पट, सोंगट्यांचा पट, बुद्धिबळाचा पट सगळ्यांना माहीत आहेत, ते सोडून देतो. मात्र एक समजूत सोडवत नाही. चांगली शिकलेली माणसंही छातीठोक सांगतात की पट म्हणजे पडदा, पडद्यावर चित्र दिसतं म्हणून चित्रपट. काही जण तर पुढे जाऊन पट आणि पडदा यांना सख्खे भाऊ करतात. पडदा फारसीतून आला आहे, त्याचा आणि पटाचा काडीचा संबंध नाही. आणि 'चित्रपट' सिनेमासाठी घडवलेला शब्दही नाही. चौदाव्या शतकातल्या पंचदशी या वेदान्तावरच्या संस्कृत ग्रंथात, सहाव्या प्रकरणाच्या पहिल्याच श्लोकात, 'यथा चित्रपटे दृष्टम्' असा तो बसलेला आहे. तिथे चित्रपटाच्या चार अवस्था सांगितल्या आहेत: धुतलेलं कापड, खळ देऊन घोटलेलं कापड, रेषा काढलेलं कापड, रंग भरलेलं कापड. परमात्म्याच्या चार अवस्था समजावायला हा दृष्टान्त! थिएटरच्या पडद्याला कोणी खळ लावल्याचं ऐकलंय? पट म्हणजे चितारलेलं कापडच, आणि हे कापड घेऊन लोकांपुढे उभं राहणारा माणूस फार जुना आहे.

बाणभट्टाच्या हर्षचरितात, म्हणजे सातव्या शतकात, तो भेटतो. वडील मरणपंथाला लागल्याचं कळल्यावर हर्ष शिकार टाकून घोड्यावरून धावत नगरात येतो. बाजाराच्या रस्त्यात पोरांचा घोळका. मध्ये एक यमपट्टिक. डाव्या हातात काठीवर ताणलेला पट, पटावर भयंकर रेड्यावर बसलेला यम, आणि उजव्या हातात बोरूची कांडी. कांडीने एकेक चित्र दाखवत तो परलोकाचा वृत्तान्त सांगतोय. हर्षाच्या कानावर त्याचा श्लोक पडतो: हजारो आईबाप, शेकडो बायकापोरं युगायुगांत होऊन गेली, ती कोणाची आणि तू कोणाचा? बाप तिकडे शेवटच्या घटका मोजतोय आणि बाजारातला माणूस हे गातोय.

पडदा झाला, निवेदन झालं, प्रेक्षक झाले. माहितीपटाला आणखी काय लागतं? माझं तर ठाम मत आहे की 'माहितीपट' हा शब्द ज्याने कोणी जुळवला, त्याच्या कळत-नकळत हा यमपटच परत आला. हे पटत नसेल तर 'मुद्राराक्षस' या संस्कृत नाटकाचा पहिला अंक काढा. चाणक्याचा हेर निपुणक कुसुमपुरात, म्हणजे पाटलिपुत्रात, हिंडतो तो यमपट घेऊनच. घरोघरी जायचं, पट पसरायचा, गाणी म्हणायची. चंदनदास जवाहिऱ्याच्या घरात पट पसरतो तेवढ्यात आतून पाचेक वर्षांचा पोरगा कुतूहलाने बाहेर धावतो. आतल्या बायकांत 'बाहेर गेला, बाहेर गेला' असा गलका होतो. एक बाई दाराआडून हात लांब करून त्याला धरते, आणि पुरुषी मापाची अंगठी तिच्या बोटातून निसटून घरंगळत हेराच्या पायाशी येते. राक्षसाची मुद्रा! (राक्षस म्हणजे नंदांचा अमात्य, चाणक्याचा प्रतिस्पर्धी; मुद्रा म्हणजे त्याची शिक्क्याची अंगठी.) सगळं नाटक त्या अंगठीवर फिरतं. देवाधर्माचं चित्र दाखवायला आलेल्या माणसाला कोणी उंबऱ्यावर अडवलं नाही म्हणून हे झालं. टीव्हीलाही आपण असंच आत घेतलं. निपुणक पट दाखवून माहिती गोळा करत होता, तेव्हा माहितीपट या समासाचा विग्रह दोन्ही अंगांनी करून बघा!

आपल्याकडे हा धागा कुडाळजवळच्या पिंगुळीत शिल्लक आहे. तिथले ठाकर चित्रकथी रामायण-महाभारतातली आख्यानं एकेक चित्र पुढे धरून गातात. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली त्यासाठी पद्मश्री मिळाली. चित्रं मात्र कागदाची, त्यांच्या गठ्ठ्याला म्हणतात पोथी. म्हणजे पट गेला, पटावरचं सांगणं राहिलं. राजस्थानात उलट: पाबूजी या लोकदेवाची 'पड', म्हणजे चित्रपट्टी, कापडाचीच आहे. वटाचा वड, घटाचा घडा, तशी पटाची पड. यावर वाद घालू इच्छिणाऱ्यांनी जरूर घालावा, मी बदलणार नाही.

राहता राहिला माहितीपटाचाच आणखी एक प्रतिशब्द, 'अनुबोधपट'. विश्वकोशाने तो घेतला आणि वर्तमानपत्रांनी टाकला, कारण म्हणे जड आहे. 'माहिती'ला अरबी वास येतो म्हणून तो हवा म्हणणारेही भेटतात. दोघांनी अमरकोश, म्हणजे संस्कृतचा जुना शब्दकोश, उघडलेला नाही. त्याच्या 'मनुष्यवर्ग' या भागात, उटणी-सुगंधांच्या घोळक्यात, 'प्रबोधनम् अनुबोधः' आहे: उडून गेलेला सुवास पुन्हा जागा करणं. त्या भाकऱ्यांच्या कार्यक्रमाला याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही. आणि त्याच ओळीत, जरा अलीकडे, 'चर्चा' आहे. अर्थ: अंगाला उटी लावणं. 'चंदनचर्चित' म्हणतो ना आपण, तीच. तेव्हा शब्दचर्चा कोरडी असते म्हणणाऱ्यांना ही ओळ दाखवावी.

पत्रिकेचं विचारलं होतं, नाही का? 'धर्मविषयक माहितीपट' छापा. हिंमत असेल तर 'अनुबोधपट'. आणि खाली वेळ लिहा, म्हणजे कोणी बावन्न मिनिटांना लघु म्हणणार नाही.