मुतखडा परत होऊ नये म्हणून रोज काय पाळावं?

नोकरीसाठी नागपुरात आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मुतखडा झाला, औषधावर पडून गेला, आता दूध बंद करू का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. नागपूरच्याच महाल भागात वाढलेला माणूस आहे आणि ही कळ सोसून झालेली आहे.

दूध बंद करू नका. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात (ऑक्झलेट म्हणजे पालकासारख्या भाज्यांतून पोटात जाणारा एक क्षार), म्हणून लोक कॅल्शियमवरच राग काढतात. पण जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरतं आणि ते शौचावाटे निघून जातं. दूध-दही तोडलं की तेच ऑक्झलेट लघवीत उतरतं. पालक केला असेल त्या दिवशी सोबत वाटीभर दही घ्या. कॅल्शियमच्या गोळ्यांचं मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

पाण्याचा ‘आठ ग्लास’वाला हिशेब इथे चालत नाही. किती प्यायलो यापेक्षा लघवी किती झाली ते बघायचं. दिवसाला अडीच लिटर व्हायला हवी. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि हवा इतकी कोरडी की घाम येतो तसा वाळून जातो, कळतही नाही. तीन लिटर पिऊनही लघवी पिवळीजर्दच. सुटीच्या दिवशी एकदा मापाच्या बाटलीत मोजून बघा, डोळे उघडतील. एरवी रंग फिकट दिसला की पुरे, पण बी-कॉम्प्लेक्स चालू असेल तर रंगावर जाऊ नका. झोपताना ग्लासभर प्या, रात्री उठलात तर अजून दोन घोट. हृदयाचा किंवा किडनीचा जुना आजार असेल तर पाणी वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

माझ्या मते आपल्याकडे खरा चोर मीठ आहे, आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं. सकाळी तर्री पोहे, दुपारी लोणचं-पापड, रविवारी सावजी. मोजायला बसलात तर दिवसाचं ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा मीठ, दुपारीच संपलेलं असतं. लिंबूपाणी चांगलं, त्यातलं सायट्रेट खडा जमू देत नाही, पण ठेल्यावरच्या शरबतात मीठ-साखर बदाबदा पडते. घरी नुसतं लिंबू पिळा. हंगामात संत्री खा, सायट्रेट त्यातही आहे. सावजी सोडा असं मी म्हणणार नाही (नागपुरात राहून कोण ऐकेल?), पण रोजच्या मटणाने यूरिक अ‍ॅसिड वाढतं आणि सायट्रेट घटतं.

टोमॅटोच्या बियांना उगाच घाबरू नका. बिअरने खडा पडतो म्हणणाऱ्या मित्रांचं ऐकू नका.

पडलेला खडा जपून ठेवला असेल तर लॅबमध्ये तपासून घ्या. यूरिक अ‍ॅसिडचा निघाला तर पालक-दह्याचं वरचं पुराण तुमच्या कामाचं नाही, पथ्य वेगळं असतं. आणि पुढे कधी कळेसोबत थंडी-ताप आला तर कुळथाचा काढा उकळत बसू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.