कशावरून? जीवशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे पाच प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न जीवशास्त्राच्या एमएस्सीला किंवा पीएचडीच्या कोर्सवर्कला नुकत्याच बसलेल्यांचे आहेत. सगळ्यांना जागा देता येत नाही. ज्यांची उत्तरं इतरांच्याही कामी येतील असे पाच घेतले आहेत.

मॅडम, पदवीला मला कायम चांगले गुण मिळाले. आता रेणवीय जीवशास्त्राच्या वर्गाला ठरलेलं पुस्तकच नाही, दर आठवड्याला तीन पेपर हातात पडतात. एकेक वाचायला दोन दिवस लागतात, आणि तरी वर्गात विचारलं की उत्तर येत नाही. माझी निवड चुकली का?

अजिबात नाही. तुम्ही पेपर पुस्तकासारखा वाचताय, एवढंच झालंय. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, प्रत्येक वाक्य खरं धरून. पदवीपर्यंत आपण ‘काय’ ते शिकतो. इथून पुढे वर्गात एकच प्रश्न फिरून फिरून येतो : कशावरून?

एक जुना पेपर घेऊन दाखवते. डीएनएची नक्कल होते तेव्हा प्रत्येक नव्या रेणूत एक धागा जुना आणि एक नवा असतो, हे तुम्ही कधीचं ऐकलंय. मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी ते १९५८ साली दाखवलं. त्यांनी ई. कोलाय जिवाणू जड नायट्रोजनवर, म्हणजे नायट्रोजन-१५ वर, १४ पिढ्या वाढवले. मग माध्यमात एकदम साधा नायट्रोजन भरपूर घातला आणि ठरावीक वेळाने नमुने काढले. त्यांतला डीएनए सिझियम क्लोराइडच्या द्रावणात प्रचंड वेगाने फिरवला. अशा द्रावणात डीएनए आपल्या घनतेच्या जागी जाऊन पट्टा धरतो.

आता फक्त आकृती बघा. एकाखाली एक पट्ट्यांचे फोटो आहेत आणि शेजारी पिढ्यांचे आकडे : ०, ०.३, ०.७, १.०, असे ४.१ पर्यंत. १.० पाशी थांबा. जड पट्टा गेलाय, सगळा डीएनए मधल्या जागी एकाच पट्ट्यात आलाय. जुना रेणू अख्खा टिकून नवा वेगळा बनत असता, तर इथे दोन पट्टे दिसले असते. ती कल्पना बाद. पण जुन्या-नव्याचे तुकडे दोन्ही धाग्यांत मिसळत असले, तरी पहिल्या पिढीला मधलाच पट्टा दिसेल. म्हणून १.९ कडे जा. तिथे दोन पट्टे आहेत, एक मधला, एक हलका. तुकड्यांची मिसळ असती तर एकच पट्टा हळूहळू हलक्या बाजूला सरकत गेला असता. दुसरीही कल्पना बाद.

आणखी दोन रांगा आहेत : ‘० आणि १.९ एकत्र’, ‘० आणि ४.१ एकत्र’. विद्यार्थी या सोडून पुढे जातात, आणि मी वर्गात नेमकं तिथेच बोट ठेवते. वेगवेगळ्या वेळचे नमुने मुद्दाम का मिसळले? कारण मधला पट्टा खरोखर मधे आहे हे दाखवायचं, तर जड, मधला आणि हलका असे तिन्ही एकाच वेळी फिरवायला हवेत. मोजपट्टी प्रयोगातच ठेवलीय. मोजल्यावर मधला पट्टा जड आणि हलक्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या ५० टक्क्यांवर आला, २ टक्के इकडेतिकडे. ही रांग पहिल्यांदा कळली तेव्हा मला झालेला आनंद आजही आठवतो.

तर पुढचा पेपर असा वाचा. सारांश वाचा, प्रस्तावना चाळा, आणि थेट आकृत्यांकडे जा. आकृतीखालचा मजकूर वाचून, लेखकांचा निष्कर्ष न बघता, वहीत दोन ओळी लिहा : इथे काय विचारलंय, आणि लेखकांचं चुकत असतं तर इथे काय दिसलं असतं. दुसरी ओळ लिहिता आली की पेपर कळला. चर्चेचा भाग सगळ्यात शेवटी. सुरुवातीला एका पेपरला दोन दिवस लागणं काही वाईट नाही, पण ते दोन दिवस आकृत्यांवर जाऊ देत.

गणित नको म्हणूनच मी जीवशास्त्राकडे आले. आता संख्याशास्त्राचा कोर्स सक्तीचा आहे. सॉफ्टवेअर सगळं करून देत असताना हे कशाला शिकायचं?

कारण तुम्ही दिलेले आकडे कुठून आले हे सॉफ्टवेअर विचारत नाही. समजा तीन उंदरांना औषध दिलं, तिघांना नाही. प्रत्येक उंदराच्या ५० पेशी मोजल्या. तक्त्यात प्रत्येक बाजूला १५० ओळी झाल्या, सॉफ्टवेअर १५० धरून हिशेब करतं आणि पी-व्हॅल्यू (फरक नसतानाही असे आकडे नुसत्या योगायोगाने येण्याची शक्यता, जितकी कमी तितकी चांगली) झकास येते. पण औषध दिलं होतं तीन उंदरांना. नमुनासंख्या तीनच. एकाच उंदराच्या पेशी एकमेकींसारख्या असणारच, त्यांना स्वतंत्र साक्षीदार म्हणता येत नाही. ही चूक छापून आलेल्या कामातही सापडते.

दुसरं उदाहरण. कुठे काही फरक नसताना २० वेगवेगळ्या चाचण्या केल्या आणि पी-व्हॅल्यूची ०.०५ ही मर्यादा ठेवली, तर निदान एक तरी ‘फरक’ सापडण्याची शक्यता ६४ टक्के असते. २०,००० जनुकं एकदम तपासली तर हजारभर नुसत्या योगायोगाने वर येतील. म्हणून तर असे खोटे फरक आटोक्यात ठेवणारी बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांची १९९५ सालची दुरुस्ती आज जनुकांच्या जवळपास प्रत्येक पेपरात दिसते.

पण तुमचं गणिताशी खरंच जमत नसेल, तर माझी विनंती आहे की लुरिया आणि डेलब्रुक यांचा १९४३ सालचा प्रयोग वाचा. विषाणूला दाद न देणारे जिवाणू विषाणू भेटल्यावर तयार होतात की आधीपासूनच असतात, हा प्रश्न होता. त्यांनी जिवाणू बऱ्याच छोट्या नळ्यांत वेगवेगळे वाढवले, मग विषाणू असलेल्या थाळ्यांवर पसरले आणि वाचलेल्या वसाहती मोजल्या. विषाणू भेटल्यावर बदल होत असता, तर सगळ्या थाळ्यांत आकडे साधारण सारखे आले असते. प्रत्यक्षात बऱ्याच थाळ्यांत शून्य किंवा थोड्याच, आणि एखादीत एकदम ढीगभर. म्हणजे त्या नळीत बदल फार आधी झाला होता आणि त्याची प्रजा वाढत गेली होती. उत्तर सरासरीत नव्हतं, आकडे किती विखुरले होते त्यात होतं. तिथे गणित बाहेरून आणून चिकटवलेलं नाही, ते काढून घेतलं तर प्रयोगच उरत नाही.

शक्य असेल तर हा कोर्स प्रयोग सुरू करण्याआधीच्या सत्रात घ्या. सगळे आकडे हाती आल्यावर संख्याशास्त्राच्या शिक्षकाकडे गेलात, तर प्रयोग कुठे फसला एवढंच ते सांगू शकतात.

माझे गाइड म्हणतात, कोर्सवर्क नुसतं पास हो, बाकी वेळ बेंचवर, म्हणजे प्रयोगांना दे. ऐकू का?

निम्मं ऐका. गुणांच्या मागे लागू नका हे त्यांचं बरोबर आहे. पण पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी प्रयोग अडतो, तेव्हा वाट बहुतेक वेळा शेजारच्या विषयातून निघते, आणि तो विषय शिकायला त्या वेळी कुणालाच सवड नसते. मी विद्यार्थ्यांना सांगते की दोन कोर्स आपल्या कामाला लागून असलेले घ्या आणि एक अगदी लांबचा. गाइडशी बोलताना ‘हा कोर्स केला तर आपल्या अमुक प्रयोगात असा उपयोग होईल’ असं नेमकं सांगा. बरेच गाइड तेवढ्यावर राजी होतात.

मला वनस्पतींचं वर्गीकरण मनापासून आवडतं. मित्र म्हणतात, आता सगळं जीनोमवर (सजीवाच्या संपूर्ण डीएनएवर) चालतं, बायोइन्फर्मेटिक्स (अशी माहिती कॉम्प्युटरवर तपासण्याचा विषय) घे. काय निवडू?

दोन्ही घ्या, आणि हे मी मधला मार्ग म्हणून सांगत नाही. डीएनए बारकोडवरून, म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक छोट्या तुकड्यावरून वनस्पती ओळखायची, तर त्या तुकड्यातल्या अक्षरांचा क्रम कशाशी तरी ताडून बघावा लागतो. तो संदर्भाचा क्रम ज्या नमुन्यातून आला, त्याचं नाव कुणीतरी पानं, फुलं, केसर बघून ठरवलेलं असतं. ते नाव चुकलं असेल तर पुढचे सगळे चुकतात, आणि कॉम्प्युटर ते बिनचूक पुन्हा पुन्हा चुकवतो.

उलट बाजूही तितकीच खरी. नुसतं निरीक्षण करणाऱ्यालाही आता तक्ते आणि थोडंफार प्रोग्रामिंग टळत नाही. ‘सेप्ट २’, ‘मार्च १’ अशी जनुकांची नावं एक्सेल परस्पर तारखांत बदलून टाकायचं आणि ती बिघडलेली नावं पेपरांच्या पुरवण्यांत तशीच छापली जायची. शेवटी २०२० साली नामकरण समितीनेच त्या जनुकांची नावं बदलल्याचं जाहीर केलं. स्वतःचे आकडे स्वतः उघडून बघण्याची सवय लागावी म्हणून तरी ‘आर’ किंवा पायथन शिका.

जॉन सुलस्टन यांचं उदाहरण मला नेहमी द्यावंसं वाटतं. सी. एलेगन्स या जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या कृमीच्या अंड्यातली कुठली पेशी कधी विभागते आणि तिचं पुढे काय होतं, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, हाताने चित्रं काढत टिपलं. भ्रूणाची ती वंशावळ १९८३ साली सहकाऱ्यांसह प्रसिद्ध झाली. पुढे याच माणसाने त्या कृमीचा जीनोम वाचण्याच्या कामात आणि मग मानवी जीनोम प्रकल्पातही पुढाकार घेतला. तुम्हाला जे आवडतं ते सोडू नका. एक वनस्पतीकुल असं निवडा की त्यातली कुठलीही फांदी हातात आली तर तुम्हाला बोलता येईल, आणि त्याच कुलाचे क्रम घेऊन बायोइन्फर्मेटिक्सचा प्रकल्प करा.

मी ३८ वर्षांची शाळाशिक्षिका आहे. १५ वर्षांनी एमएस्सीला प्रवेश घेतेय. वर्गात सगळी माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची मुलं असतील. ताई, झेपेल का मला?

झेपेल. तुम्ही कॉलेज सोडलंत त्यानंतर बरंच बदललं हे खरं. जनुकं हवी तिथे कापण्याचं क्रिस्पर हे साधन २०१२ नंतर घरोघरचं झालं, प्रथिनांचा आकार अल्फाफोल्ड हे सॉफ्टवेअर सांगतं आणि त्या कामाला २०२४ साली नोबेलही मिळालं. पण ही साधनं वर्गातल्या त्या मुलांनाही नवीनच आहेत. ज्याच्यावर कोर्स उभा असतो ते मात्र जागच्या जागी आहे. विकरांच्या (एन्झाइम्सच्या) वेगाचं मायकेलिस आणि मेंटेन यांचं समीकरण १९१३ चं, सजीवांच्या समूहातल्या जनुकांच्या प्रमाणाचं हार्डी-वाइनबर्गचं १९०८ चं. शिवाय रोज चाळीस मुलांसमोर उभं राहण्याची सवय असलेल्या माणसाला सेमिनारची भीती वाटायचं कारण नाही, आणि सेमिनारलाच इतरांची सगळ्यात जास्त गाळण उडते.

गंज चढलेला असतो तो वेगळ्याच ठिकाणी : लॉगॅरिथम, मोलॅरिटी (द्रावणाची तीव्रता), द्रावण सौम्य करण्याचे हिशेब. वर्ग सुरू व्हायच्या आधी दोन आठवडे रोज अर्धा तास यांना द्या. कागद-पेन घ्या, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. ५ मोलर मिठाचं द्रावण आहे, १५० मिलिमोलरचं १०० मिली बनवायचंय, तर किती घ्याल? (३ मिली, आणि बाकी पाणी.) जिवाणूंचं द्रावण सहा वेळा दहा-दहापट सौम्य केलं, शेवटच्यातलं ०.१ मिली थाळीवर पसरलं, दुसऱ्या दिवशी ४२ वसाहती मोजल्या. मूळ द्रावणाच्या एका मिलीत किती जिवाणू होते? हे उत्तर ४२ कोटी येईपर्यंत करत राहा, आणि आलं की कसं आलं ते घरात कुणाला तरी समजावून सांगा.