जुन्या विटांच्या दरजा सिमेंटनं भराव्यात का?

मंगळवार पेठेतलं आजोबांच्या काळातलं घर, विटा शाबूत पण बाहेरच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, बोट जाईल इतक्या झिजलेल्या, आणि गवंडी म्हणतोय, 'सिमेंट मारून टाकू, दोन दिवसांचं काम.' त्याला अजून हो म्हणू नका.

मी म्हटलं होतं. आमची पश्चिमेची भिंत, पावसाच्या तोंडावरची. पहिल्या वर्षी सिमेंटच्या दरजा झकास दिसल्या. तिसऱ्या पावसाळ्यानंतर विटांचे पापुद्रे सुटायला लागले. आता सिमेंटची जाळी तेवढी पुढं उभी आहे आणि विटा आत गेल्यात, रिकाम्या पोळ्यासारख्या. भिंतीत मुरलेलं पाणी आधी मऊ चुन्यातून बाहेर पडायचं. ती वाट बुजल्यावर ते विटेतून निघायला लागलं, आणि सोबतच्या खारानं विटेचं तोंड फोडलं. दरज पुन्हा भरता येते हो, तसली वीट कुठून आणणार?

तेव्हा चुनाच. एक भाग विझवून मुरवलेला चुना, अडीच-तीन भाग धुतलेली वाळू. त्यातली थोडी वाळू कमी करून सुरखी (भाजलेल्या विटांची पूड) घातली तर ओलीतही धरतो. (पानाचा चुना चालेल का, असं मला एकानं खरंच विचारलंय. नाही.) माल घट्ट ठेवा, मुठीत दाबला तर गोळा व्हावा, हाताला पाणी सुटू नये.

खरी मेहनत उकरण्यात आहे. दरज जेवढी रुंद, त्याच्या दुप्पट ते अडीचपट खोल मोकळी करायची, म्हणजे साधारण 20 ते 25 मिमी. वरवर लिंपलेला माल पुढच्या पावसात पडतो. हे काम बारीक छिन्नीनं. ग्राइंडर लावला की विटांच्या कडा गेल्याच. पिंपळाची मुळी दिसली तर ओढून तोडू नका, मुळापासून काढा. मग ब्रशनं धूळ झाडून भिंत चांगली भिजवायची. कोरडी वीट चुन्यातलं पाणी ओढून घेते आणि माल भुगा होतो. खोल जागी थराथरानं दाबून भरा, अंगठ्याचा ठसा जेमतेम उमटेल इतकं आवळलं की शेवटचा हात. विटेच्या तोंडापेक्षा किंचित आत ठेवा, कडांवर फासू नका. डोळ्यांना चष्मा हवाच, चुना भाजतो.

त्यानंतर आठवडाभर ओलं गोणपाट. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, म्हणून काम दिवाळीनंतर काढा. जूनपर्यंत त्याला महिने मिळतात. एप्रिल-मेच्या उन्हात नको, तडकतो.

आणि सगळ्याच्या आधी वर बघा. आमच्याकडं पन्हळीचा सांधा गळत होता, तो दुरुस्त न करता मी दरजांवर पैसे घातले. गवंड्यानं चुन्याचं काम कधी केलं नसेल तर आधी मागच्या बाजूला हातभर जागा करून घ्या, महिनाभरानं खिळ्यानं टोकरून बघा.