घर खाली करण्याचा दावा आणि मोफत वकील

प्रश्न: इंदूरच्या रामबागेत बावीस वर्षे दोन खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या एक विधवा ताई विचारतात: "पोळ्या लाटून महिन्याला नऊ हजार मिळतात. मे महिन्यापासून घरमालक 3,200 रुपये भाडे घेईनासे झाले, आणि आता भाडे थकले व मुलाला राहायला जागा हवी, अशी दोन कारणे दाखवून त्यांनी दावा लावला. 6 सप्टेंबरला समन्स मिळाले. माझा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याच्या पगारामुळे मला मोफत वकील नाकारतील का?"

उत्तर: ताई, नाकारणार नाहीत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 याच्या कलम 12 मध्ये मोफत साहाय्यास पात्र व्यक्तींची जी यादी आहे, तीत अल्प उत्पन्नाचे लोक हा एक वेगळा गट आहे आणि स्त्रिया हा दुसरा. स्त्रीला हा हक्क स्त्री म्हणूनच मिळतो. तिचे किंवा तिच्या मुलाचे उत्पन्न किती, हा प्रश्नच उद्भवत नाही. त्यामुळे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या खिडकीवर उभे राहण्यात आपला एकही दिवस घालवू नका. प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य आहे एवढेच प्राधिकरण पाहते, आणि आपल्या प्रकरणात ते निश्चित आहे.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात 'जिला विधिक सेवा प्राधिकरण' अशी हिंदी पाटी दिसेल. तेथे साधा अर्ज, आधार कार्डाची प्रत आणि समन्ससोबत आलेली दाव्याची प्रत द्यावी. वकिलाची फी, कोर्ट फी, टंकलेखन आणि नकलांचा खर्च प्राधिकरण करते. नेमलेल्या वकिलाने "वरखर्चाला" म्हणून पैसे मागितल्यास देऊ नका आणि तेथील सचिवांना लेखी कळवा; हे सचिव न्यायिक अधिकारी असतात. जाणे जमत नसेल तर 15100 हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटते ती सांगतो. वकील मोफत मिळतो, मुदत मात्र थांबत नाही. काही वर्षांपूर्वी एक बाई समन्स मिळाल्यानंतर बेचाळिसाव्या दिवशी माझ्याकडे आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून ठेवलेल्या भाड्याच्या साऱ्या पावत्या होत्या, एकही महिना सुटलेला नव्हता. परंतु समन्सनंतर न्यायालयात भाडे भरायचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मुदत वाढवून मिळवण्यासाठी आम्हांला किती खटपट करावी लागली, ते मी विसरलेलो नाही.

मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, 1961 याच्या कलम 13 प्रमाणे समन्स मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत थकलेले भाडे मालकाला द्यावे किंवा न्यायालयात जमा करावे लागते, आणि ते ज्या महिन्यात भराल त्याच्या आधीच्या महिन्याअखेरपर्यंतचे असावे लागते. आपण सप्टेंबरमध्येच भरले तर मे ते ऑगस्टचे 12,800 रुपये होतील. ऑक्टोबर उजाडला तर सप्टेंबर धरून 16,000, आणि तेही 6 तारखेच्या आत. पुढे दावा चालेल तोवर दर महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भाडे जमा होत राहिले पाहिजे. यात कसूर झाली तर न्यायालय आपला बचाव काढून टाकू शकते. ही रक्कम प्राधिकरण देत नाही, ती आपल्यालाच उभी करावी लागेल. मुलाच्या पगाराचा उपयोग येथे आहे, त्याला आजच फोन करा. भाडे वेळेवर जमा झाले की थकबाकीच्या कारणावरून घर खाली करण्याचा हुकूम सहसा होत नाही. मालकाने परत पाठवलेली मनिऑर्डर असल्यास तिची पावती जपून ठेवा. दाव्याचे लेखी उत्तरही तीस दिवसांत द्यायचे आहे.

दुसरे कारण अधिक अवघड आहे, कारण ते पैसे भरून मिटत नाही. मुलासाठी जागेची गरज खरी आहे आणि शहरात स्वतःच्या मालकीची दुसरी योग्य राहती जागा नाही, हे दोन्ही मालकाला सिद्ध करावे लागते. विजयनगरात त्यांचे बंद घर असल्याचे आपण पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. तो या प्रकरणातला सर्वांत मोलाचा मुद्दा आहे. त्या घराचा पत्ता, मालमत्ता कराची माहिती आणि ते पाहिलेल्या दोन शेजाऱ्यांची नावे पहिल्याच भेटीत वकिलाच्या हाती द्या.

नर्मदेचे पाणी येते त्या दिवशी टाकीचा वॉल्व्ह बंद केला जातो, ही आपली तक्रारही वकिलांना सांगा. भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडण्यास कायद्याने मनाई आहे आणि त्यासाठी स्वतंत्र अर्ज करता येतो.

लोकअदालतीत तडजोडीची गोष्ट निघाली तर जरूर ऐकून घ्या, पण तेथील निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून घर सोडण्याची तारीख आणि पैशांचा आकडा कागदावर उतरल्याशिवाय, आणि तो हिंदी मजकूर वकिलाने आपल्याला मराठीत वाचून दाखवल्याशिवाय, सही करू नका. घरी येऊन कोणी कोरा स्टँप पेपर पुढे केला, तर त्यावर सही मुळीच नको.